बोनेट पाहून नव्हे, इंजिन पाहून ऑईल द्या

नांदेड-लातूरच्या गॅरेजांत पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविलेल्या किंवा मागाहून टर्बो जोडलेल्या गाड्या येतात. अशा गाडीत मूळ पुस्तिका पाहून वा स्वस्तातला डबा पाहून ऑईल ओतणे आम्हाला मान्य नाही. डब्यावरील ए.पी.आय. खुणेत ‘एस’ अक्षर पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ डिझेलसाठी असते. डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरते. ती पेलण्यासाठीच ‘सी’ वर्गाचे ऑईल बनविलेले असते. टर्बोचे बेअरिंगही याच ऑईलवर फिरते. ‘१५ डब्ल्यू ४०’ मधील पहिला आकडा थंडीतला, शेवटचा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. पारा चाळिशीपार गेला म्हणून मनानेच जास्त दाट ऑईल घालू नये. जे इंजिन आज गाडीत आहे, त्याच्या कंपनीने सांगितलेला दर्जाच घ्यावा.

ऑईलमध्ये काय आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. इंजिन जाम झाले तर त्याची रोजी बंद पडते. म्हणून आमच्या कारागीर बांधवांनी सीलबंद डबा त्याच्यासमोर उघडावा, दर्जा व किलोमीटर बिलावर लिहावेत आणि नकली माल भरला जाऊ नये म्हणून रिकाम्या डब्याला भोक पाडावे. सोपविलेली गाडी ही अमानत आहे. तिच्यात खयानत झाली तर धंद्यात बरकत कशी राहील?