गणितातले चार चरण झिरो माईलवरून शिकवा

नववीच्या गणितात ‘निर्देशक भूमिती’ हे प्रकरण आहे. दोन अक्ष काटकोनात छेदतात, प्रतलाचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागाला चरण म्हणतात. दोन्ही निर्देशक धन असले तर पहिला चरण, ऋण-धन असले तर दुसरा, दोन्ही ऋण तर तिसरा आणि धन-ऋण तर चौथा. मुले हे पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. कारण हा नियम ओळखीच्या कुठल्याच जागेला जोडलेला नसतो. नागपुरात तरी असे व्हायला नको.

शहराचा आरंभबिंदू

झिरो माईलजवळचा सर्वेक्षणाचा मानक दगड १९०७ सालचा आहे. तोच आरंभबिंदू धरा. त्यातून जाणारी पूर्व-पश्चिम रेषा म्हणजे एक्स-अक्ष, उत्तर-दक्षिण रेषा म्हणजे वाय-अक्ष. जरीपटका उत्तरेला आणि किंचित पूर्वेला, म्हणजे पहिल्या चरणात. फुटाळा तलाव दुसऱ्या, दीक्षाभूमी तिसऱ्या आणि रेशीमबाग चौथ्या चरणात. घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी पूर्ण झाली. एखादी जागा नेमकी अक्षावरच आली तर ती कोणत्याच चरणात नाही.

आता आरंभबिंदू जरीपटक्यात आणा. झिरो माईल तिसऱ्या चरणात जाते. दुसऱ्या चरणातला फुटाळाही तिसऱ्यात येतो. तलाव जागचा हललेला नाही, चिन्ह मात्र बदलले. म्हणजे चरण हा बिंदूचा कायमचा गुण नाही. मोजणी कुठून सुरू केली, यावर तो ठरतो. या धड्याचा गाभा हाच आहे आणि पाठांतरात नेमका तोच निसटतो.

फोनमधली गफलत

मोबाइलच्या नकाशावर नागपूर सुमारे २१.१५, ७९.०८ असे दिसते. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. म्हणजे आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. वर्गात याच्या उलट, एक्स आधी असतो. इथे मुलेच काय, मोठेही फसतात. हे दोन आकडे उलटे टाकले तर नकाशा थेट आर्क्टिक महासागरात, स्वालबार्ड बेटांच्या परिसरात नेतो.

ही चूक चिन्हावरून पकडता येत नाही. विषुववृत्त आणि ग्रीनिचची रेषा हे अक्ष मानले तर अख्खा भारत पहिल्याच चरणात येतो. आकडे सरळ लिहा की उलटे, दोन्ही धनच राहतात. न्यूयॉर्कचा रेखांश ऋण, सिडनीचा अक्षांश ऋण, रिओचे दोन्ही ऋण. आपल्या फोनमध्ये मात्र गावाचा पत्ता शोधताना ऋण चिन्ह कधी भेटतच नाही. रुग्णवाहिकेला ‘लोकेशन’ सांगायच्या काळात आकड्यांचा क्रम समजणे ही केवळ परीक्षेची बाब उरलेली नाही.

एक तास पुरे

अभ्यासक्रम संपवायची घाई असते, हा शिक्षकांचा आक्षेप खोटा नाही. पण यासाठी लागतो फक्त शहराचा एक नकाशा, एक पट्टी आणि एक तास. प्रत्येक मुलाने आपले घर, शाळा आणि आजीचे घर कोणत्या चरणात येते ते झिरो माईलवरून सांगावे. मग स्वतःचे घर आरंभबिंदू मानून तेच पुन्हा सांगावे. दुसऱ्या खेपेला उत्तरे का बदलली, हे ज्याला सांगता येईल, त्याला चार चरणांचा तक्ता पाठ करावा लागणार नाही.