प्रतिकारशक्तीचा लगाम

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटू नये, याची तजवीज निसर्गाने कशी केली आहे, याचा उलगडा केल्याबद्दल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रयोगशाळेतील उंदरांपासून सुरू झालेल्या या संशोधनाचा यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो बालमधुमेहाच्या वाटेने येतो.

टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. त्यांतील काही शरीराच्या घटकांनाच शत्रू समजतात. अशा बहुतेक पेशी तेथेच नष्ट होतात. मात्र काही निसटतात. त्यांना आवरणारा टी पेशींचा स्वतंत्र गट असतो, हे साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले. हा गट वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्या अवयवांवर हल्ला झाला. वगळलेला गट परत देताच विकार टळला.

या पेशी घडतात कशा, याचे उत्तर २००१ मध्ये हाती आले. ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ जातीच्या आजारी उंदरांतील दोष फॉक्सपी३ या जनुकात असल्याचे शोधले. त्याच जनुकातील बिघाडाने मुलग्यांना ‘आयपेक्स’ हा दुर्मीळ विकार होतो. त्यात तान्हेपणीच अतिसार, त्वचादाह आणि मधुमेह गाठतो. २००३ मध्ये स्पष्ट झाले, की नियामक पेशींची जडणघडण हेच जनुक करते. थायमसमध्ये स्वघटकांशी जुळणाऱ्या काही पेशी नष्ट न होता हे जनुक कार्यान्वित करतात आणि हल्लेखोर होण्याऐवजी पहारेकरी बनतात. संयम हा प्रतिकारशक्तीचा अभाव नसून तिचेच एक काम आहे, हा या शोधाचा गाभा होय.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा संयम अपुरा पडतो आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारल्या जातात. त्याला एकच जनुक जबाबदार नसते. नियामक पेशींचे बळ वाढवणारे उपचार अद्याप चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत. तोवर जगण्याचा आधार इन्शुलिनच.

खरी अडचण येथेच आहे. महागाव तालुक्यातील एखादे मूल सतत पाणी मागते, वारंवार लघवीला जाते, झपाट्याने वाळते. याला अशक्तपणा किंवा साधा ताप समजून दिवस गेले, तर रक्तात आम्ल साचून ते बेशुद्ध होते आणि दगावू शकते. रक्ताच्या एका थेंबाची साखरतपासणी हे टाळू शकते. निदान झाले तरी चाळिशी ओलांडणाऱ्या वैदर्भीय उन्हाळ्यात इन्शुलिनच्या कुप्या थंड ठेवणे सोपे नाही.

मुंबईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजीसारख्या संस्था मुलांतील प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांचा अभ्यास करतात. मात्र गावपातळीवर संशय आला नाही, तर रुग्ण तेथवर पोहोचणारच नाही. उद्याचा उपचार नियामक पेशींतून येईलही. तो घेण्यासाठी मूल आज वाचले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरतपासणीची पट्टी आणि थंड राखलेले इन्शुलिन यांची हमी आधी हवी.