पॉडकास्ट : साठवणीकडून प्रवाहाकडे

मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड टचचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झालेला आयपॉड या संगीतयंत्राचा प्रवास संपला. त्यानिमित्ताने जगभर जे मृत्युलेख लिहिले गेले, त्यांत गाण्यांचीच आठवण अधिक होती. वस्तुतः या यंत्राने भाषेला दिलेला शब्द गाण्याशी नव्हे, बोलण्याशी निगडित होता. 'आयपॉड'मधला 'पॉड' आणि 'ब्रॉडकास्ट'मधला 'कास्ट' यांच्या जोडणीतून 'पॉडकास्ट' तयार झाला. यंत्र गेले, शब्द राहिला. या दोहोंच्या मधली एक क्रिया मात्र फारशी कोणाच्या लक्षात न येता नाहीशी झाली. कार्यक्रमाची फाइल संगणकावर उतरवणे, तारेने ती यंत्रावर चढवणे, तिला नीट नाव देणे आणि ऐकून झाल्यावर पुसणे किंवा जपून ठेवणे, ही ती क्रिया. एक कटकट टळली, असेच बहुतेकांना वाटले. परंतु त्या कटकटीबरोबर श्रोत्याच्या हातून आणखीही काही निसटले, आणि त्याचे परिणाम गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसू लागले आहेत.

पॉडकास्टचा जन्मच मुळी इंटरनेटच्या संथपणातून झाला. २००० सालच्या अखेरीस अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ डेव्ह वाइनर यांनी आरएसएस या बातम्यांच्या सूचीसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एक छोटी भर घातली. सूचीतील नोंदीला मजकुराबरोबर ध्वनीची फाइलही 'जोडपत्र' म्हणून लावता येईल, अशी ती सोय होती. या कल्पनेचा आग्रह धरणारे ॲडम करी हे एमटीव्हीचे एकेकाळचे निवेदक. त्यांचे म्हणणे साधे होते. श्रोत्याने बटण दाबल्यावर फाइल येईपर्यंत वाट पाहायची, हा क्रमच उलटा आहे. संगणक रात्रभर चालू असतो, तेव्हा फाइल त्याने आधीच आणून ठेवावी, म्हणजे सकाळी वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. २००३ मध्ये पत्रकार क्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती या पद्धतीने वितरित झाल्या. पुढच्या वर्षी करी यांनी 'आयपॉडर' या छोट्या प्रोग्रॅमद्वारे सूचीतली फाइल थेट आयपॉडपर्यंत पोहोचवून दाखवली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन'मध्ये बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम छापला गेला, आणि २००५ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन शब्दकोशाने 'पॉडकास्ट'ला वर्षाचा शब्द ठरवले.

त्या काळातील भारतीय श्रोत्याचे गणित मांडले, तर करी यांच्या युक्तीचे मोल ध्यानात येते. बोलण्यासाठी पुरेशा असलेल्या ६४ केबीपीएस दर्जाची एक तासाची एमपी३ फाइल सुमारे २९ एमबीची भरते. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या डायल-अप जोडणीवर ती उतरवायला तासाहून अधिक वेळ लागे. म्हणजे ऐकण्यापेक्षा आणण्यातच अधिक काळ जाई. केंद्र सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ज्या वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले गेले, तो किमान २५६ केबीपीएसचा. त्या वेगाने हेच काम पाव तासात होई, तेही वीज आणि लाइन या दोहोंची कृपा राहिली तर. अशा परिस्थितीत फाइल एकदाच आणणे, ती जवळ ठेवणे आणि लोकल किंवा बसच्या प्रवासात ऐकणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्सच्या ४.९ या आवृत्तीत पॉडकास्टचा समावेश केला आणि हौशी मंडळींचा हा उद्योग सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. सुमारे तीन हजार मोफत कार्यक्रमांची यादी त्यात होती. पहिल्या दोन दिवसांतच दहा लाखांवर वर्गण्या नोंदवल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. आयपॉड संगणकाला जोडला की नवे भाग आपोआप त्यावर जात, न ऐकलेल्या भागाशेजारी निळा ठिपका दिसे आणि अर्धवट सोडलेला भाग पुन्हा तेथूनच सुरू होई. गाणे मध्येच थांबवले तर ते पुन्हा पहिल्यापासून ऐकण्यात कोणाला फारसे दुःख नसते. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे तसे नाही. बोलण्याच्या फाइलला गाण्याहून वेगळी वागणूक द्यावी लागते, हे ॲपलने ओळखले होते. 'शफल' करताना गाण्यांच्या मध्येच कोणाचे तरी भाषण सुरू होऊ नये, म्हणून त्या फाइली वगळण्याची खूणही आयट्यून्समध्ये होती.

या सोयीला किंमत होती. आयपॉड एका वेळी एकाच संगणकाच्या संग्रहाशी स्वतःला बांधून घेई. दुसऱ्या संगणकाला जोडून आपोआप सिंक करू पाहिल्यास आधीचा साठा पुसावा लागेल, असा इशारा मिळे. यंत्राच्या आत फाइली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी निरर्थक नावांनी ठेवलेल्या असत. यंत्र आपले, पण त्यातली फाइल सहजी बाहेर काढता येऊ नये, अशीच ती रचना होती. पुढील काळात जे मोठ्या प्रमाणावर घडले, त्याची ही चुणूक म्हणावी लागेल.

आयपॉड न परवडणाऱ्या बहुसंख्यांच्या हाती स्वस्त एमपी३ प्लेअर आले. पेन ड्राइव्हसारखे संगणकाला जोडायचे आणि फाइली ओढून टाकायच्या. येथे कोणतेही बंधन नव्हते. अर्थात कोणतीही मदतही नव्हती. यांतली अनेक यंत्रे फाइली नावाच्या क्रमाने वाजवीत नसत, तर ज्या क्रमाने त्या टाकल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवीत. त्यामुळे मालिकेचा सातवा भाग तिसऱ्याच्या आधी ऐकू येणे ही नित्याची गोष्ट होती. सवयीच्या श्रोत्यांनी त्यावर साधा उपाय काढला. फाइलच्या नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालायची, नावाप्रमाणे लावून घ्यायच्या आणि मग एकगठ्ठा नकलवायच्या. दिवस आधी लिहिण्याची आपली सवय येथे आड येते. वर्ष आधी लिहिले तरच वर्णानुक्रम आणि कालानुक्रम एकच होतात.

फाइलच्या पोटात असणाऱ्या आयडी३ या माहितीपट्टीचा प्रश्न अधिक किचकट होता. गायक, अल्बम, गाणे, वर्ष, प्रकार हे तिचे रकाने संगीतासाठी आखलेले. मुलाखतीचा 'गायक' कोण, मुलाखत घेणारा की देणारा? 'अल्बम' म्हणजे मालिका की विषय? प्रत्येक निर्माता आपापल्या समजुतीने रकाने भरी, आणि यंत्राच्या यादीत एकच कार्यक्रम चार नावांनी विखुरला जाई. मराठीची तर आणखी अडचण. या पट्टीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघ्या ३० रोमन अक्षरांची जागा होती. पुढील आवृत्त्यांत युनिकोडची सोय झाली, तरी अनेक स्वस्त यंत्रांच्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हेच उमटत. परिणामी मराठी ध्वनिफाइलींची नावे रोमन लिपीत आणि ज्याला सुचेल त्या स्पेलिंगने लिहिण्याची रीत पडली. तिचा त्रास जुने संग्रह चाळणाऱ्यांना आजही होतो.

एवढे कष्ट घेऊन श्रोत्याला काय मिळत होते? जानेवारी २००५ मध्ये आलेल्या आयपॉड शफलच्या छोट्या मॉडेलची क्षमता ५१२ एमबी होती. म्हणजे बोलण्याचे सुमारे सतरा तास, आणि तेही एकही गाणे न ठेवता. या मर्यादेमुळे दर आठवड्याला निवड करणे भाग पडे. काय ऐकून झाले, काय ठेवायचे, काय पुसायचे याचा निर्णय श्रोता घेई. जे ठेवले ते त्याच्या संगणकावर राही. निर्मात्याने संकेतस्थळ बंद केले, तरी त्याला हात लागत नसे. श्रोता त्या अर्थाने आपल्या छोट्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. कंटाळवाणे काम खरे, पण किल्ली त्याच्याकडे होती.

स्मार्टफोनने हे चित्र पालटले. २०१२ मध्ये ॲपलने पॉडकास्टसाठी स्वतंत्र ॲप काढले, २०१४ मध्ये ते आयफोनमध्ये मुळातच बसवले, आणि त्याच वर्षी 'सीरियल' या अमेरिकी शोधमालिकेने या माध्यमाला अफाट श्रोतृवर्ग मिळवून दिला. भारतात निर्णायक ठरली ती मोबाइल डेटाची स्वस्ताई. त्यापूर्वी गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घेणे हा शहरोशहरी चालणारा व्यवहार होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर तो पाहता पाहता ओसरला. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने विचारप्रधान बोलण्याला आकाशवाणीखेरीज फारशी जागा नव्हती. परवान्याविना चालणाऱ्या पॉडकास्टने ती पोकळी काही अंशी भरून काढली, आणि मराठीतही मुलाखती, इतिहास, आरोग्य, अर्थकारण अशा विषयांवरील कार्यक्रम उभे राहिले. तारेची आणि संगणकाची अट कायम असती, तर यांतल्या बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत हे माध्यम पोहोचलेच नसते. जुन्या पद्धतीचा गौरव करताना हे विसरून चालणार नाही. ती संगणक बाळगणाऱ्यांची पद्धत होती.

मात्र फाइलचा प्रवाह झाला, तसा निर्णयही सरकला. २०२० मध्ये स्पॉटिफायने जो रोगन यांच्या कार्यक्रमाचे हक्क केवळ स्वतःपुरते घेतले. २०२२ च्या आरंभी करोनाविषयक वादाच्या सुमारास त्यांचे सुमारे सत्तर जुने भाग तेथून काढले गेले. ते काढणे योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण हा कार्यक्रम पूर्वी खुला असताना ज्यांनी एमपी३ उतरवून ठेवल्या होत्या, त्यांच्यापाशी ते भाग राहिले. बाकीच्यांच्या यादीतून ते एका दिवसात गेले. २०२४ च्या नव्या करारानंतर तो कार्यक्रम पुन्हा इतरत्रही उपलब्ध झाला. दोन्ही वेळा श्रोत्याला विचारण्याचा प्रश्न आला नाही.

गूगलचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. गूगल पॉडकास्ट्स ही सेवा २०२४ मध्ये आधी अमेरिकेत आणि मग इतरत्र बंद करण्यात आली. वापरकर्त्यांना जाताना वर्गण्यांची यादी ओपीएमएल या प्रकारच्या फाइलमध्ये नेता आली, आणि ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकून तेच कार्यक्रम पुन्हा सुरू करता आले. हे शक्य झाले ते खुल्या आरएसएसमुळे. सेवा बंद पडली तरी कार्यक्रम निर्मात्याच्या सर्व्हरवर जागच्या जागी होते. ॲपलची यादीसुद्धा मुख्यतः निर्देशसूचीच आहे, मोफत कार्यक्रमांच्या फाइली ती स्वतःकडे ठेवत नाही. २००० सालची ती छोटी भर आजही या माध्यमाचा कणा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कण्यावरच आता भार येतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने आपल्या मंचावर दरमहा एक अब्ज लोक पॉडकास्ट पाहतात-ऐकतात, असे जाहीर केले. तेथे टाकलेल्या कार्यक्रमाची आरएसएस सूची निर्मात्याने वेगळी चालवली नाही, तर तो कार्यक्रम दुसऱ्या कोणत्याही ॲपमध्ये किंवा संगीतयंत्रात नेण्याचा अधिकृत मार्ग उरत नाही. 'ऑफलाइन' म्हणून उतरवलेला भागही त्या ॲपच्या आतच राहतो. खुल्या सूचीतली फाइलसुद्धा पूर्वीसारखी स्थिर राहिलेली नाही. अनेक कार्यक्रमांत जाहिराती आता उतरवतानाच्या क्षणी आणि ठिकाणाप्रमाणे गुंफल्या जातात. एकच भाग पुण्यात आणि न्यू जर्सीत उतरवला, तर दोन वेगळ्या लांबीच्या फाइली हाती येऊ शकतात. जतन करायची ती नेमकी कोणती प्रत, हा प्रश्न विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 'पॉडकास्टआरई'सारख्या अभ्यासकांच्या संग्रहप्रकल्पांना पडणे साहजिक आहे.

मराठी निर्मात्यांपुढील निवड यातून उघड होते. व्हिडिओचा मंच प्रेक्षक देतो, उत्पन्नाची आशा देतो, त्यामुळे बहुतेकांचा ओढा तिकडे असणे समजण्यासारखे आहे. पण त्यासोबत ध्वनीची सूची स्वतंत्रपणे चालवण्याचा खर्च तुलनेने थोडा आहे. भागाचे शीर्षक युनिकोड देवनागरीत, वक्त्याचे नाव एकाच पद्धतीने आणि तारीख वर्षापासून लिहिण्याला तर खर्चच नाही. हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे, त्यांत कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या रांगेतून गावी जाणारा चाकरमानी आहे आणि परदेशात गाडी चालवताना मराठी ऐकणारे कुटुंबही आहे. दोघांनाही फाइल जवळ असण्याचा उपयोग होतो.

श्रोत्यांसाठी साधने आजही आहेत. अँड्रॉइड फोनवर अँटेनापॉड, संगणकावर जीपॉडर हे दोन्ही मोफत आणि खुले प्रोग्रॅम आरएसएसची सूची वाचतात आणि फाइल उतरवून ठेवतात. जीपॉडर ती जुन्या पद्धतीने तारेने जोडलेल्या एमपी३ प्लेअरवर चढवूनही देतो. जपण्यासारखे भाग बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवावे लागतात, आणि वर्गण्यांची ओपीएमएल यादी वर्षातून एकदोनदा नकलून घ्यावी लागते. ही यादी अवघी काही केबींची असते. मात्र कोणता भाग कोठवर ऐकला, याची नोंद त्या यादीत नसते. ती बहुधा जुन्या ॲपबरोबरच जाते.