वय अधिक शंभर

वयात शंभर मिळवावे, तितका रक्तदाब योग्य, हा हिशेब वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी अद्यापि ऐकू येतो. आमच्या घरीही तो प्रमाण होता. सत्तरीतल्या आजोबांचा १७० हा आकडा आम्ही सर्वांनी निर्धास्तपणे मान्य केला. पुढे त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

वयोमानाने रक्तवाहिन्या ताठर होतात व वरचा आकडा चढतो, हे खरे. परंतु जे सर्रास आढळते ते निरोगीच असते, असे नव्हे. अमेरिकेत साठी उलटलेल्या रुग्णांचा असा चढलेला आकडा औषधाने उतरविला असता पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. ऐंशीपुढील वृद्धांसही औषधाचा लाभ होतो, हे २००८ साली दिसून आले. तेव्हा तिशी असो वा सत्तरी, १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वारंवार भरू लागल्यास डॉक्टरांस विचारलेच पाहिजे. लहान मुलांचा दाब मुळातच कमी. तो वय व उंची पाहून ठरवितात. अतिवृद्धांस उठताना भोवळ येत असेल, तर दाब उभ्यानेही मोजून घ्यावा.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर असावा, आणि कोणी बोलू नये. आमच्याकडे यंत्र निघाले की निम्मे घर भोवती जमते व प्रत्येकजण आजींस काही ना काही विचारीत असतो. तसला आकडा वहीत न टिपलेलाच बरा.