शाळांचा एक ट्रस्ट : पण सभासद कोण?



बारामती व इंदापूर तालुक्यांत गावकऱ्यांच्या वर्गणीतून व अंगमेहनतीतून उभ्या राहिलेल्या ज्या लहान शाळा आहेत, त्यांनी मिळून एक सामाईक धर्मादाय ट्रस्ट करावा की नाही? आमचे मत विचाराल तर जरूर करावा. मात्र ज्या कागदावर तो व्हायचा तो कागद आधी गावासमोर मोठ्याने वाचला जावा, आणि मग सही व्हावी.

लाभ उघड आहे. अनुदानित शाळेत मास्तरांचा पगार सरकार देते; परंतु गळके छप्पर, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, प्रयोगाचे सामान यांचा बहुतेक भार संस्थेच्याच डोक्यावर. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातील शेकडा दोन टक्के लोककार्यास लावणे कायद्याने प्राप्त झाले, आणि बारामतीच्या एमआयडीसीत कारखाने काही थोडे नाहीत. पण तो पैसा मागावयाचा तर आयकर खात्याची नोंदणी हवी, तपासलेले हिशेब हवेत, अर्जफाटे हवेत. एका लहान शाळेचा कारकून हे कोठवर करणार? आठ-दहा शाळांनी मिळून एक जाणता हिशेबनीस ठेवला तर हेच काम सुरळीत होते.

एकीने काय घडते हे आपल्या समाजाने पाहिलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रदेखील मोडले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, व पुढे शेकडो गावांच्या शाळा एका छत्राखाली आल्या.

मग भीती कशाची? भीती कागदाची. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या खतांवर अंगठे त्यांचेच होते. फक्त वर काय लिहिले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखविले नव्हते. पुढे १८७९ च्या कायद्याने कुळाचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत असे ठरले. आज आपली मुले इंग्रजी वाचतात, तरी ट्रस्टचा मसुदा वकिलाच्या टेबलावरून थेट सहीला येतो व गाव न वाचताच मान डोलवितो. हे काय म्हणावे?

त्या कागदात पहिली गोष्ट पाहा ती ही की, सभासद कोण आहेत. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला सभासद असतात, त्यांची सभा भरते, ते कारभारी निवडतात. नुसता ट्रस्ट केला तर सत्ता विश्वस्तांची; शंभर रुपये देणारा कुंभार किंवा दोन पोती ज्वारी देणारी विधवा बाई ही केवळ देणगीदार. पावती मिळाली, संबंध संपला! विश्वस्त तहहयात, त्याच्या मागे त्याचा मुलगा, मग सून. १९५० साली मुंबई सरकारने परगणा व कुळकर्णी वतने नाहीशी करण्याचा कायदा केला. सार्वजनिक विश्वस्तांचा कायदाही त्याच सालचा. एका कायद्याने गेलेले वतन दुसऱ्याच्या आडोशाने पुन्हा बसवावयाचे असेल तर आमचा त्यास साफ विरोध आहे. विश्वस्ताला पाच वर्षांची मुदत असावी, वर्गणीदार सभासद असावा, आणि शिकणाऱ्या मुलांच्या आयांना कारभारात जागा असावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. शाळेची जागा कोणी दिली? कोणा शेतकऱ्याने बांधालगतची दहा गुंठे दिली, कोठे गावठाणातील जागा मिळाली. आज रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांचे मोल काय आहे हे सांगावयास नको. विश्वस्त मालमत्ता विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे खरे. पण आपल्या शाळेची जागा विक्रीला निघाली हे गावाला कळणार कोठून? संस्थांचे पुरते एकत्रीकरण आयुक्तांच्या योजनेने होऊ शकते. आमच्या मते तो मार्ग घेऊ नये, कारण पुढे न पटल्यास वेगळे निघणे फार जिकिरीचे. प्रत्येक शाळेची संस्था व जागा जिची तिच्याकडेच राहावी. सामाईक ट्रस्टकडे हिशेबनीस, प्रयोगशाळा, मुलांची गाडी व बाहेरून मिळणारा निधी एवढेच असावे.

एकत्रीकरण या शब्दाचाच आम्हांस थोडा संशय आहे. २०२३ साली सरकारने वीसांहून कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचा बेत काढला, तेव्हा वाडीवस्तीवरील मुलींनी रोज किती चालावयाचे हा प्रश्न उभा राहिलाच. सामाईक ट्रस्टच्या नावाने धाकटी शाळा बंद होता कामा नये, हे कलम मसुद्यात स्पष्ट घालावे.

वर्गणीचेही तसेच. नीरा डाव्या कालव्याखालचे उसाचे गाव आणि सुपे-मोरगावकडील पावसाच्या तोंडाकडे पाहणारे जिरायती गाव यांना एकच आकडा लावणे अन्याय आहे. कालव्याखालच्यांनी उसाचे बिल मिळाल्यावर जास्त द्यावे, जिरायतवाल्यांनी बाजरी घरी आल्यावर जमेल तेवढे द्यावे. मत मात्र दर शाळेला सारखेच, एक.

पुढच्या ग्रामसभेला जाताना शाळेच्या जागेचा सातबारा किंवा गावठाणातील जागेचा उतारा बरोबर न्या. त्यावर नाव कोणाचे आहे ते सर्वांसमक्ष वाचा, आणि मसुदा मराठीत मागा.