सराट्याला भिऊ नका, सायकल काढा

लातूर म्हटलं की बाहेरच्यांना २०१६ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते. ते खरंच, पण त्या नादात आपणही मानून बसलोय की इकडं बघण्यासारखं काही उगवतच नाही. दसरा-दिवाळीच्या मधल्या एखाद्या सकाळी सायकल काढा. नांदेड-लातूर हमरस्ता नको, तिथं ट्रकच दिसतील. लोह्याला, अहमदपूरला, चाकूरला, कुठंही आत वळा. उजाडताच निघा, नऊनंतर ऊन भाजतं.

बांधावर कुरडू फुललेला असेल. खाली उतरून बघा. तुऱ्याचं टोक गुलाबी, बुडाकडं तोच रंग विरून चंदेरी पांढरा होतो. वाळका तुरा तळहातावर चोळला की काळेभोर, चकचकीत, बारीक दाणे पडतात. याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. शेतकरी याला तण म्हणून शिव्या घालतो, त्याचंही चूक नाही. माळावर पिवळाधमक तरवड दिसेल. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकून राहिला. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला लागायची.

आपटा ओळखायला शिका. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास खपतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं मोठं. आणि सोनं लुटायचं तर चार पानं पुरतात, अख्खी फांदी कशाला मोडायची?

चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथाचं बेट औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं आहे. जरूर जा, पण मुळ्या उकरू नका आणि 'औषधी आहे' म्हणून काहीही तोंडात टाकू नका. काटेरी बोंडाचा धोतरा तर पोरांना आधी दाखवून ठेवा. त्याचं बी विषारी. बाह्या लांब असू द्या, गाजरगवतानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

राहिला काटेरी सराटा. तो डांबराच्या कडेलाच पसरलेला असतो, म्हणून सायकल टेकवताना जागा बघा. पंप आणि जादा ट्यूब जवळ ठेवा. रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं तर वेग कमी करा. दाण्यांवरून चाक हमखास घसरतं. त्यापेक्षा उतरून कडेनं चाला. राखणीला बसलेल्या म्हातारबांना रामराम घाला आणि जवळपास सीताफळं कुठं पिकलीत ते त्यांनाच विचारा.