गोंडीचा शब्द गोंडांच्याच मुखातून यावा

२०११च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदविली. बोडो भाषकांची संख्या याच्या जेमतेम निम्मी. तथापि बोडोला २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि गोंडी बाहेरच राहिली. हा प्रश्न केवळ मानाचा नव्हे. शासनाचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला तो प्रामुख्याने अनुसूचीतील २२ भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने ‘आदिवाणी’ ही अनुवाद-प्रणाली प्रायोगिक स्वरूपात खुली केली. संताळी, भिली व मुंडारीसोबत तीत गोंडीही आहे. या उपक्रमाचे मन:पूर्वक स्वागत करावयास हवे. पण खरे काम येथून पुढेच आहे.

कारण गोंडी म्हणजे कोणती गोंडी? गडचिरोलीची बोली आदिलाबादेत जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये घडविलेली लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ साली, तर गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील लिपी २०१८ साली. यंत्र शिकते ते जोडीजोडीने दिलेल्या सहस्रावधी वाक्यांवरून. ती सारी एकाच जिल्ह्यातील असली, तर उरलेल्यांची बोली यंत्राच्या लेखी अशुद्ध ठरेल! आणि ती वाक्ये हिंदी परिपत्रकांचे भाषांतर असली, तर गोंडी शब्दांच्या वेषात हिंदीच बोलू लागेल. रान, शेती, आजारपण, नातीगोती यांची अस्सल शब्दसंपदा बोलण्यातूनच टिपावी लागते.

त्यातच गोंडी द्राविड कुळातील. तिच्यात धातूंना व नामांना प्रत्यय एकापुढे एक जोडले जातात. त्यामुळे नुसत्या शब्दयादीवर शुद्धलेखन-तपासनीस उभा राहत नाही. प्रत्ययांचे व्याकरणच यंत्राला द्यावे लागते. ते बरोबर की चूक, हे दिल्लीतील अभियंता कसे सांगणार?

मराठीनेही हे दिवस काही अंशी पाहिले आहेत. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होई. परंतु मराठीपाशी वृत्तपत्रे होती, प्रकाशक होते, पुण्याची ‘सी-डॅक’ होती. गोंडीपाशी यातले काय आहे?

आरोग्यकेंद्रात औषधाची मात्रा यंत्र चुकीची सांगेल, तर त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागेल. यास्तव गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने गोंडी भाषक शिक्षकांना व तरुणांना मानधन देऊन तालुकावार ध्वनिसंग्रह आरंभावा, आणि प्रत्येक संग्रहावर सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे.